पेटीवरचं पिल्लू

सान रोके,
८ मार्च १९६९

प्रिय मानांग सेलिंग,

बोट सुटायच्या आत पत्र द्यायचं आहे, म्हणून भट्टीसमोर बसूनच लिहिते आहे. कागदावर पीठ दिसलं तर झटकून टाक. बातमी वाईट आहे. आपले नवे पाद्रे क्रिसांतो गेले. गुरुवारी पहाटे मामेर्तो घंटा वाजवायला गेला, तर पाद्रे ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसलेले, मान कलंडलेली, अंग गार. हृदय बंद पडलं म्हणतात. वय तर तुझ्यापेक्षाही कमी. मामेर्तो इतका रडला की दोघांनी धरून ठेवावं लागलं. देवळाची घंटा, मेणबत्त्या, पाद्रींचं खाणंपिणं सगळं तोच बघतो, त्याला लागणारच.

जानेवारीत म्हातारे पाद्रे लिबोरियो मनोऱ्याच्या जिन्यावरून पडून गेले, आता हे. गावाला नजर लागली असं लोक उघड बोलायला लागलेत.

माझी बेकरी मात्र जोरात आहे, देव मला क्षमा करो. मेलेल्याजवळ बसून आलेला कुणी सरळ घरी जात नाही, तो मेलेला मागोमाग उंबरा ओलांडेल म्हणून. आधी माझ्याकडे थांबायचं, एक पाव खायचा, अंगावरचे कपडे झटकायचे, त्याला इथेच सोडायचं आणि मग घर गाठायचं. तू माझी मोठी मावसबहीण खरी, पण नन झाल्यापासून असल्या गोष्टींना हसतेस. हस. पण माझ्या दुकानात लोकांनी आजवर इतके मेलेले सोडलेत की पहाटे त्यांनाच पीठ मळायला बसवावं.

आता खरी गोष्ट. काल पाद्रींच्या शवपेटीपाशी सगळे जपमाळ म्हणत होते आणि आपली तिया उर्बाना आत आली. पदराखाली काहीतरी चिवचिवत होतं. सरळ पेटीपाशी गेली आणि झाकणाच्या काचेवर कोंबडीचं पिल्लू सोडलं! मानांग, पिल्लू कुणाच्या पेटीवर सोडतात ते तुला सांगायला नको. ज्याचा खून झाला त्याच्या. ते काचेवर टोचत राहतं आणि मारणाऱ्याच्या काळजात टोचतं. जपमाळ जागच्या जागी थांबली. आपल्याच मावशीचा हात धरून मी तिला बाहेर आणलं. विचारलं तर म्हणते, "पिल्लाला तांदूळ घाल."

तुला माहीत आहेच, लिबोरियोंनी वेदीवरून बजावलं होतं, जो झाडपाल्याच्या औषधासाठी उर्बानाच्या झोपडीची पायरी चढेल त्याला कम्युनियन नाही. क्रिसांतोंनी तेच गोड शब्दांत सांगितलं. आता लोक एकमेकांकडे बघतात आणि मग तिच्याकडे.

एक गंमत सांगायची राहिली. बुधवारी दिवेलागणीला चक्क मामेर्तो दुकानात आला. "पाव म्हणजे पोटात वारा भरणं," असं म्हणून आयुष्यभर मला चिडवणारा तो. उभ्याउभ्या एक पाव खाल्ला, शर्ट झटकला आणि गेला. लेकीच्या, पेर्लाच्या, जन्मावेळीच बायको गेलेली, आणि नोव्हेंबरात तापाने पेर्लाही गेली. चूल कुणासाठी पेटवायची? मी पैसे घेतले नाहीत.

तुझी,
तिकाय


सेबू,
१५ मार्च १९६९

प्रिय तिकाय,

पिल्लू! पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, घरून कोंबडीची बातमी आहे.

तियाला माझ्याकडून चार शब्द सुनाव. हृदय बंद पडलं म्हणजे बंद पडलं, तरुणांचंही पडतं, मी रोज बघते. बिशपांचा माणूस येईल तेव्हा तिने हात जोडून चूक झाली म्हणावं. तेलाच्या बाटल्या, मुळ्या, वाटीत वितळवलेलं मेण बघून दुखणं सांगणं, हे सगळं थोडे दिवस आवरून ठेवायला सांग. ती चोळते तेव्हा लोकांना बरं वाटतं हे मी नाकारत नाही. ती तासन्‌तास हात धरून बसते, आमच्याकडे हात धरायला कुणाला वेळ आहे? पण तेवढ्याने ताप उतरत नाही.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे. पेन खराब आहे.

मामेर्तोला रोज दोन पाव देत जा. बिचाऱ्याने एका वर्षात मुलगी पुरली, दोन पाद्री पुरले. त्याच्यासाठी मी प्रार्थना करते आहे.

तुझी मानांग


सान रोके,
२१ मार्च

मानांग,

तियाला पकडून नेलं.

शहरातून डॉक्टर आला, त्याने पाद्रींना उघडून पाहिलं. हृदय वगैरे काही नाही. पोटात विष निघालं, मासे गुंगवायच्या मुळीचं. कॉफीतून दिलं असणार म्हणतो. पोलीसप्रमुख सरळ तियाच्या झोपडीत गेला. दाराशीच ती मुळी टांगलेली.

मी तिथेच होते. तो बिचारा तिच्याकडून लहानपणी पोट चोळून घेतलेला, त्यामुळे आवाज चढत नव्हता. आजीला मारावी तशी हाक मारून म्हणाला, "लोला, सगळं गाव हृदय म्हणत होतं तेव्हा तुम्ही पिल्लू आणलंत. तुम्हाला कसं कळलं?"

तिया म्हणाली, "कळलं."

"कुणी सांगितलं?"

"तुझं पोट अजून दुखतं का रे? रात्रीचं जेवण उशिरा करतोस, दिसतंय."

मानांग, त्याने खरंच पोटावर हात ठेवला. पण नेलं तिला.

आता नगरपालिकेच्या मागच्या खोलीत आहे. मी रोज दोन वेळा जाते. काल हातापाया पडले, म्हटलं, तिया, तुला जे माहीत आहे ते सांगून टाक. ती खिडकीतून देवळाच्या मनोऱ्याकडे बघत होती, संध्याकाळची घंटा चालू होती. म्हणाली, "मी नाही सांगायचं. त्याने सांगायचं." आणि क्रूसाची खूण केली. देवाच्या भरवशावर बसली आहे म्हातारी. देव काय साक्षीला येणार आहे का?

ईस्टर झाला की तिला सेबूच्या मोठ्या तुरुंगात नेणार. तिथून ती परत यायची नाही, तिचे गुडघे तुला माहीत आहेत. लिबोरियोंचं पडणंही आता तिच्याच नावावर लावायला लागलेत. जी मावशी गावातल्या निम्म्या पोरांना जगात घेऊन आली तिच्या झोपडीवर काल कुणीतरी दगड टाकला.

मला काही सुचत नाही. तू शिकलेली आहेस, तू सांग.

तिकाय


सेबू,
२७ मार्च

प्रिय तिकाय,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता जे लिहिते ते शांतपणे वाच.

ती मुळी मी स्वतः तिच्या दाराशी पाहिली आहे. लिबोरियोंनी तिला नावं ठेवली तेव्हा ती किती दुखावली होती तेही तूच मला लिहिलं होतंस. ज्या माणसाला काही लपवायचं नसतं तो "त्याने सांगायचं" म्हणून देवावर ढकलून मोकळा होत नाही. तिकाय, माणूस म्हातारा झाला की मन कधीकधी जागेवर राहत नाही. मी अशा बायका पाहिल्या आहेत. आपली तिया असं करू शकेल का, हा प्रश्न मी मला विचारला, आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी इथे एका वकिलाशी बोलले. तिने आधीच कबूल केलं तर वय बघून न्यायाधीश दया दाखवतील. तू तिला समजाव. मी तिच्यासाठी रोज गुडघ्यांवर असते.

तुझी मानांग


सान रोके,
३१ मार्च

सिस्टर सेलेदोनिया,

ती मुळी माझ्याही घरात आहे. पोलीसप्रमुखाच्या घरात आहे. मासे मारणारं गाव आहे हे, तू डब्यातले मासे खायला लागलीस म्हणून विसरलीस.

तुझी आई बोटीवर कामाला होती तेव्हा तुला गोवर आला होता. नऊ वर्षांची होतीस. सगळा आठवडा तुला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? तेव्हा म्हातारीचं मन जागेवर होतं ना?

तुझं पत्र मी तियाला वाचून दाखवलं. सगळं. ऐकून म्हणाली, "सेलिंगचं अक्षर बघू." डोळ्यांशी धरून बघितलं आणि म्हणाली, "हिची बोटं दुखतात. पेन खराब नाही." नंतर बराच वेळ तुझीच काळजी करत होती.

मला आता लिहू नकोस.

तिकाय

पिल्लू माझ्याकडे आहे. पाद्रींना पुरल्यावर ते कुणी घ्यायला तयार होईना.


सेबू,
२ एप्रिल

तिकाय,

तू लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे, आणि टपालाच्या भरवशावर न ठेवता बोटीवरच्या नोंग इस्कोबारच्या हाती देते आहे. त्याला पाव दे आणि हे पत्र दार लावून वाच.

आज सकाळी आमच्या सिस्टर फिदेलांना पुरलं. परत येताना कॉन्व्हेंटच्या गाडीत आम्ही चौघी. गाडीवानाने गाडी आमच्या फाटकावरून पुढे नेली. मी म्हटलं, "अहो, फाटक मागे राहिलं."

"माहीत आहे, सिस्टर. आधी बेकरीपाशी थांबू."

"कशाला? आम्ही नन आहोत."

"तुम्ही नन आहात. सिस्टर फिदेलाही ननच होत्या, त्यांना तर रस्ता पाठ आहे. एक-एक पाव खाऊन घ्या."

बाकीच्या हसल्या आणि उतरल्या. मीही उतरले. उभ्याउभ्या पाव खाल्ला, कुणीतरी माझ्या पाठीवरचा झगा झटकला, आणि तिकाय, मला तुझं पहिलं पत्र आठवलं.

तुझं पहिलं पत्र काढून वाच. नाही, तुझं पत्र माझ्याकडे आहे, मीच सांगते. पाद्रे गेल्याचं गावाला गुरुवारी पहाटे कळलं. मामेर्तो तुझ्याकडे आला बुधवारी दिवेलागणीला. पावाला वारा म्हणणारा माणूस उभ्याउभ्या पाव खाऊन शर्ट झटकून गेला. बुधवारी संध्याकाळी सान रोकेत कुणाचंही प्रेत नव्हतं. मग तो कुणाला झटकून गेला?

तुला ते रोजचंच दिसतं, म्हणून तुला दिसलं नाही. मी इथे बसून असल्या गोष्टींना हसते, म्हणून मलाही दिसलं नाही.

आणि "त्याने सांगायचं". तिया मनोऱ्याकडे बघत होती आणि घंटा वाजत होती, हे तूच लिहिलंस. घंटा कोण वाजवतं? मी त्या "त्याने"ला देव समजले. तियाच्या झोपडीत कोण जाऊन काय रडलं असेल ते तिलाच ठाऊक, पण पाद्री जसे पापस्वीकारातलं बाहेर काढत नाहीत तशीच तीही काढणार नाही. मला हे कळायला हवं होतं. मी त्याच घरात वाढले.

पाव खाल्ला एवढ्यावर पोलीस कुणाला धरणार नाहीत. तू त्याला ओळखतेस, मी नाही. जे करशील ते दिवसाउजेडी कर, चार माणसं आसपास असताना. माझ्यावर रागाव, पण जपून राहा.

बोटं दुखतात, हे खरं आहे. दोन वर्षं झाली.

सेलिंग


सान रोके,
ईस्टरचा रविवार

माझ्या मानांग,

घंटा वाजतात त्या ऐकू येतात का तुला तिथे? आज त्या पोलीसप्रमुखाच्या मुलाने वाजवल्या, अगदी बेसूर.

पत्र मला शुक्रवारी मिळालं. त्या दिवशी मी काहीच केलं नाही, फक्त वाचलं. गुरुवारपासून ईस्टरपर्यंत घंटा मुक्या असतात, मामेर्तो लाकडी खटखटा घेऊन गल्लोगल्ली फिरतो. शनिवारी सकाळी तो दुकानावरून निघाला. बायका पावासाठी उभ्या होत्या. मला काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, तोंडातून निघालं ते निघालं.

"मानोंग मामेर्तो, जरा थांबा. तुमचं काहीतरी राहिलंय माझ्याकडे."

"माझं? काय?"

"त्या बुधवारी इथे झटकून गेलात ना, तो माणूस. महिना झाला. अजून इथेच आहे. मला भट्टी लावू देत नाही. तुमचा आहे, तुम्ही घेऊन जा."

मानांग, मी उगाच तिखट बोलायला गेले होते. पण त्याने ते खरंच मानलं. खटखटा त्याच्या हातातून पडला. रांगेतल्या बायकांना काही कळलं नाही, पण त्या बाजूला झाल्या. तो आत आला आणि पिठाच्या पोत्यावर बसला, जसा कुणी दूरवरून चालत आलेला माणूस बसतो तसा. पिल्लू आलं आणि त्याच्या बुटाला चिकटलेले पावाचे कण टोचायला लागलं. त्याने पाय हलवला नाही.

मग तो बोलला. पेर्लाला ताप आला तेव्हा डॉक्टरची बोट चार दिवसांवर होती. तियाची झोपडी समोर दिसत होती. पण वेदीवरून सांगितलं होतं, आणि देवळाची किल्ली ज्याच्या कमरेला त्यानेच पाद्रींचा शब्द मोडायचा? नाही मोडला. पोरगी गेली. जानेवारीत लिबोरियो त्याला जिन्यावर म्हणाले, "देवाची इच्छा, मामेर्तो." त्याने ढकललं.

मग झोप गेली, छाती आवळायला लागली. तेव्हा तो तियाकडे गेला, उशिरा का होईना. तिने चोळलं, तो रडला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझं तेल तिथपर्यंत जात नाही. पाद्रींकडे जा." गेला. क्रिसांतोंनी ऐकलं, तेही त्याच्याबरोबर रडले म्हणाला. आणि म्हणाले, पोलिसांकडे जा, मी तुझा हात धरून येतो, त्याशिवाय माफी देता येत नाही. तो घाबरला. "ते फार चांगले होते, तिकाय," असं दोनदा म्हणाला. कॉफी पिऊन होईपर्यंत आणि नंतरही तो त्यांच्याजवळ बसून होता.

"उर्बानाला पकडलं तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं. मला राग आवरत नव्हता.

"रोज बोलणार होतो. ती खिडकीतून बघायची. मी घंटा वाजवायचो."

मग म्हणाला, "त्यांनी हात धरून येतो म्हटलं होतं. तू येशील?"

मी गेले, मानांग. ज्याने माझ्या मावशीला पंधरा दिवस कोंडून ठेवलं त्याचा हात धरून भर रस्त्याने गेले. त्याच्या हाताला मेणबत्तीचा वास होता. मला त्याची किळसही आली आणि कीवही आली, आणि दोन्ही अजून गेलेलं नाही.

त्याला बघून तिया उठून उभी राहिली. पोलीसप्रमुख काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आलास? जेवलास का?"

तो तिथेच खाली बसला आणि सगळं सांगितलं.

तियाला उद्या-परवा सोडतील. कागदपत्रं आहेत. मी तुझ्यावर रागावलेली नाही. थोडी आहे, पण तो राग तू समोर आलीस की काढीन.

तिकाय


सेबू,
१४ एप्रिल

तिकाय,

तुझं पत्र मी चॅपेलमध्ये बसून वाचलं.

तियाला माझा एक प्रश्न विचार. आधी माफी सांग, मग प्रश्न. पेर्लाला त्याने तिच्याकडे नेलं असतं तर ती वाचली असती का? मी इतकी वर्षं तापाची माणसं बघते आहे, मला उत्तर माहीत आहे असं वाटायचं. आता तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

मदर सुपीरियरनी मला मे महिन्यात पंधरा दिवसांची रजा दिली आहे. कारण मी लिहिलं, मावशी आजारी. तिला सांग, निदान एक दिवस तरी अंथरुणावर पड, म्हणजे मी खोटी ठरणार नाही.

सेलिंग


सान रोके,
२८ एप्रिल

मानांग,

तिया म्हणते, "सेलिंग आली की तीच पडेल अंथरुणावर. बोटांसाठी तेल काढून ठेवलंय. डॉक्टरची गोळी बंद करू नको म्हणावं, दोन्ही घे, तेल काही रुसत नाही."

सोडलं त्या दिवशी अर्धं गाव नगरपालिकेसमोर होतं. दगड टाकणारा कोण होता ते कळलं नाही, पण झोपडीचं छप्पर कुणीतरी नवीन पानांनी शाकारून ठेवलं आहे. नवे पाद्रे आलेत, पाद्रे तेलेस्फोरो, जाडजूड आणि हसरे. पहिल्या रविवारी वेदीवरून म्हणाले, उर्बानाच्या झोपडीची पायरी मी चढून आलो, आल्याचा चहा चांगला आहे, पण पायरी मोडकी आहे, कुणी सुतार आहे का? तिघे उभे राहिले. तेच आता तिच्याकडे येणाऱ्या तापाच्या माणसांना बोटीवर बसवून देतात, आणि तिया बोट येईपर्यंत त्यांचा हात धरून बसते.

तुझा प्रश्न विचारला. ती मेण वितळवत होती. वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "नसती वाचली बहुतेक. तो ताप मी ओळखते. पण त्याने पोरीला घेऊन एक दार तरी वाजवलं असतं. दार बंद होतं म्हणून तो वेडा झाला."

मामेर्तो अजून इथेच आहे, पुढच्या महिन्यात खटला. तिया दर शुक्रवारी तेलाची बाटली आणि माझ्याकडचे पाव घेऊन त्याच्याकडे जाते. पाव त्याने मागितले, ऐकलंस? मी म्हटलं, वारा भरायला? पण पाठवते.

काल ती तिथून परतताना दुकानात आली. मी पाव दिला, तिने खाल्ला. जायला निघाली तेव्हा मी सवयीने तिचा पदर झटकायला हात पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला केला.

"अगं, तुरुंगातून आलीस. झटकून जा," मी म्हटलं.

"तो मेलेला नाही, तिकाय," ती म्हणाली. "येऊ दे मागोमाग घरी. त्याच्या घरात कुणी नाही."

आणि गेली. पिल्लू तिच्या मागे पळालं, ते आता चांगलं मोठं झालंय, कोंबडी निघाली. पुढे अंडी घालायला लागली की पहिलं बोटीने तुला पाठवीन.

तिकाय